आंबट नाही, कडू आहे

गेल्या अंकात विरजणावर लिहिलं, त्याचा परिणाम असा झाला की या महिन्यातली निम्मी पत्रं दुधाचीच आली. दूध संघाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काही विचारायचं नाही असा तुमचा कट दिसतो. असो. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : ताई, आम्ही घरात चौघं. एका शनिवारी सकाळी सातला दुकानातून दुधाच्या तीन पिशव्या आणल्या. दोन संपल्या, तिसरी फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात राहिली आणि आम्ही लग्नासाठी गावी गेलो. बुधवारी सकाळी परत येऊन ती पिशवी कापली, दूध तापवलं. फाटलं नाही, आंबट वास नाही. चहा केला. सासऱ्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि विचारलं, "चहा केलायस की काढा?" चाखून बघितलं तर दूधच कडू. सासूबाई म्हणतात पावडर कालवलेलं दूध असणार. दुकानदार म्हणतो तुमचा फ्रिज बंद पडला असणार. मला वाटतं, शेजारच्या कप्प्यात कारली होती, त्याचा वास लागला. बरोबर कोण? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारली निर्दोष आहेत. बंद पिशवीतल्या दुधाला कडू करण्याची ताकद त्यांच्यात नाही. पावडरचाही संबंध नाही. दुकानदार चाराणे बरोबर आहे, पण फ्रिज बंद पडला असता तर चार दिवसांत दूध कडू झालं नसतं, आंबट होऊन फाटलं असतं. तुमचा फ्रिज चालू होता, म्हणूनच दूध कडू झालं. हे वाक्य उलटं वाटेल, जरा धीर धरा.

माझ्या आजीच्या घरी फ्रिज नव्हता. तिच्या तोंडी दूध बिघडण्याचे शब्द दोनच, आंबलं आणि नासलं. कडू दूध तिने क्वचितच पाहिलं असेल, आणि पाहिलं तेव्हा म्हशीने रानात काहीतरी कडू खाल्लं असं म्हणून सोडून दिलं असेल. कारण उबेला ठेवलेल्या दुधात राज्य असतं ते दह्याच्या जातकुळीतल्या जिवाणूंचं. पंचवीस-तीस अंशांत ते तासाभरात, कधी त्याहून लवकर, एकाचे दोन होतात. दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. कडू करणारे जिवाणू त्या दुधातही असतात, पण आम्ल त्यांना सोसत नाही. आंबवणारे पुढे निघून जातात आणि मागच्यांची वाट बंद करून टाकतात.

फ्रिजमध्ये ही शर्यत उलटते. चार-पाच अंशांवर दह्याचे जिवाणू मरत नाहीत, पण जवळजवळ बसून राहतात. थंडीत चालणारे मात्र चालत राहतात. त्यांच्यातलं मुख्य घराणं स्यूडोमोनास. मूळचं माती-पाण्यातलं. गोठ्याची ओली जमीन, कास धुवायचं पाणी, न वाळलेली किटली, कुठेही सापडतं. थंडीत त्याचं का चालतं, हे स्वयंपाकघरातच बघता येतं. डिसेंबरात डब्यातलं तूप थिजतं, शेजारच्या बरणीतलं करडईचं तेल पातळच राहतं. प्रत्येक जिवाणूभोवती स्निग्ध पदार्थाचा एक पातळ पडदा असतो आणि तो लवचीक असेल तरच अन्न आत, मळ बाहेर होतो. उबेत राहणाऱ्यांचा पडदा तुपासारखा, थंडीत आखडतो. स्यूडोमोनासच्या पडद्यात तेलासारख्या, न थिजणाऱ्या स्निग्धाम्लांचा वाटा मोठा असतो. म्हणजे थंडीने कुणाला मारलेलं नसतं, फक्त मैदान रिकामं करून दिलेलं असतं.

आता तुमचा चहा कडू का झाला ते. हे जिवाणू साखरेच्या फारसे वाटेला जात नाहीत, त्यामुळे आम्ल नाही, आंबटपणा नाही, आणि तापवताना दूध फाटलंही नाही. त्यांना हवी असतात प्रथिनं आणि स्निग्धांश. जिवाणूला तोंड नसतं, तेव्हा ते आपल्या कात्र्या बाहेर सोडतात. आम्ही त्यांना एन्झाइम म्हणतो, शाळेच्या पुस्तकात विकरं म्हणतात. एक कात्री केसीन नावाच्या प्रथिनाच्या लांब माळा तोडते. अख्खी माळ बेचव असते, पण तिचे काही बारके तुकडे जिभेला स्वच्छ कडू लागतात. दुसरी कात्री स्निग्धांशातून आम्लं सुटी करते, ती चव खवट. आपल्या भाषेने ही विभागणी आधीच करून ठेवली आहे. आंबट म्हणजे साखर गेली, कडू म्हणजे प्रथिनं गेली, खवट म्हणजे स्निग्धांश गेला. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवत असे.

दूध तर पाश्चराइज्ड होतं, मग हे आत आले कुठून? पाश्चरायझेशन म्हणजे 72 अंशांवर 15 सेकंद, किंवा जुन्या पद्धतीने 63 अंशांवर अर्धा तास. स्यूडोमोनास एवढ्यानेच मरतो, तो उष्णतेपुढे दुबळा आहे. तो शिरतो नंतर, दूध थंड होऊन पिशवीत भरलं जाईपर्यंतच्या वाटेवर.

ती वाट कशी असते ते सांगते, कारण ते मी हाताने बघितलं आहे. नव्वदीच्या दशकात आमच्या भागात गावोगाव दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाक्या बसल्या. तोवर कॅन टेम्पोतून यायचे, मे महिन्यात धक्क्यावर उतरेपर्यंत त्यातले काही आंबलेले असायचे. आमचा एक माणूस झाकण काढून नुसत्या नाकाने कॅन बाजूला करायचा, त्याचं फारसं चुकत नसे. टाक्या आल्या आणि दूध चार अंशांवर येऊ लागलं. आमची नेहमीची परीक्षा म्हणजे मिथिलीन ब्लूची. नळीत दहा मिली दूध, एक मिली निळं द्रावण, आणि नळी 37 अंशांच्या पाण्यात. जिवाणू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात उडाला तर दूध वाईट, पाच तासांवर टिकला तर उत्तम. टाक्या बसल्यावर सगळ्या नळ्या तासन्‌तास निळ्याच राहू लागल्या. साहेब खूश, आम्हीही खूश.

आणि त्याच वर्षी चक्क्याचा उतारा घसरला. तेवढ्याच दुधात चक्का कमी, वर किंचित कडसर. दोन महिने आम्ही विरजणाला दोष दिला. मग सुचलं की नळ्या ठेवतोय 37 अंशांवर, आणि जो जिवाणू शोधायचाय तो थंडीतला. त्या उबेत तो रंग उडवायला नीटसा पुढे येत नव्हता. परीक्षा आंधळी होती. थंडीत वाढणारे जिवाणू मोजायची रीत वेगळी, दुधाचा थेंब खाद्य घातलेल्या काचेच्या थाळीत पसरून ती साडेसहा अंशांवर दहा दिवस ठेवायची. दहा दिवसांनी आकडा कळतो तोवर ते दूध पिणाऱ्याच्या पोटात जाऊन आठवडा झालेला असतो, पण गुन्हेगार तरी सापडतो. थाळ्या भरून आल्या. एका टाकीचा खालचा व्हॉल्व्ह मी उघडायला लावला. रोज गरम पाणी, सोडा, सगळं होत होतं, बाहेरून स्टील लख्ख. आतलं रबरी गॅस्केट खोबणीतून काढलं तर त्याच्या मागच्या बाजूला बुळबुळीत करडा थर, नखाने निघेल असा. वास कुजक्या फळाचा. तिथपर्यंत ना ब्रश पोचत होता ना सोडा. वरून जाणारं हजारो लिटर दूध त्या थराला चाटून जात होतं. गॅस्केटं बदलली, दर आठवड्याला खोलून उकळायची असं ठरलं, आणि चक्का पूर्ववत झाला. त्या दिवसापासून माझा लख्ख स्टीलवर विश्वास नाही.

तुमच्या पिशवीच्या वाटेवरही असंच एखादं गॅस्केट किंवा भरण यंत्राची ओली तोटी असू शकते. ती तुम्हाला दिसणार नाही आणि कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी लाखो पिशव्यांत एखादीत चार जिवाणू जातातच. म्हणूनच पिशवीवर तारीख छापतात. बुधवारपर्यंत ती उलटून गेली असणार, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. वाचलीत की नाही कोण जाणे.

राहिला फ्रिज. तुम्ही पिशवी ठेवलीत दारात. मागे मी माझ्याच घरी एक उद्योग केला होता. दोन पेले पाणी, एक दारात, एक मागच्या भिंतीपाशी मधल्या फळीवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींत तापमापक. मागचा पाच अंश, दारातला दहाच्या वर. मे महिना, घरात नातवंडं, दार सतत उघडं. आता कागदावर हिशोब करू. समजा शनिवारी पिशवीत दर मिलीमागे एकच स्यूडोमोनास होता. चार अंशांवर एकाचे दोन व्हायला त्याला साधारण आठ तास लागतात, दहा अंशांवर साधारण चार. शनिवार सकाळ ते बुधवार सकाळ म्हणजे 96 तास. दहा अंशांच्या दारात चोवीस वेळा दुप्पट. एकाचे झाले 1 कोटी 67 लाख, तेही प्रत्येक मिलीत. कोटीच्या घरात गेलं की कात्र्यांचं काम जिभेला कळतं. तीच पिशवी मागच्या फळीवर चार अंशांत असती तर 96 तासांत फक्त बारा वेळा दुप्पट, म्हणजे चार हजारांच्या आसपास. सासरे गुपचूप चहा प्यायले असते. प्रत्यक्षात जिवाणू पहिल्या मिनिटापासून असे घड्याळ लावून वाढत नाहीत, थोडा वेळ बसून असतात, पण दारातल्या आणि मागच्या फळीतला फरक एवढाच मोठा असतो. सहा अंशांचा फरक हाताला कळत नाही, दुधाला कळतो.

दारातल्या कप्प्यात सॉस ठेवा, लोणचं ठेवा, पाण्याच्या बाटल्या ठेवा. फ्रिज बनवणाऱ्यांनी तिथे बाटलीच्या मापाचा कप्पा का केला, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा.

प्रश्न : आमच्याकडे घरची म्हैस आहे. सकाळी शेतावर जायची घाई, म्हणून धार काढून आणलेलं दूध न तापवताच फ्रिजमध्ये टाकते आणि लागेल तसं दोन-तीन दिवस काढून उकळते. उकळल्यावर तर सगळे जंतू मरतात ना? तरी खीर कधीकधी कडवट लागते. — एक वाचक, कराड तालुका

उत्तर : मरतात, पण त्यांच्या कात्र्या मरत नाहीत. वर जे एन्झाइम सांगितले, त्यातले स्यूडोमोनासचे काही इतके चिवट असतात की 140 अंशांचा काही सेकंदांचा झटकाही पचवतात. तुमचं पातेलं शंभरावर उकळतं. चिरणारी उठून गेली, विळी मात्र तशीच मांडलेली राहिली आणि आपसूक चिरत बसली, असा प्रकार. शिवाय दोन दिवसांत जे तुकडे पडलेत ते उकळून परत जोडले जात नाहीत. खीर आटवली की ते आणखी घट्ट होतात, म्हणून चहात न कळलेला कडवटपणा खिरीत कळतो.

क्रम उलटा करा. आधी उकळा, मग फ्रिज. धार काढल्यावर जितक्या लवकर उकळाल तितकं चांगलं. घाई असेल तर निदान संध्याकाळपर्यंत. आणि उकळलेलं पातेलं ओट्यावर चार तास कोमट ठेवू नका. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, एकदा पाणी बदला, निवलं की झाकण घालून आत. न तापवलेल्या दुधाबाबत अजून एक गोष्ट सांगते. लिस्टेरिया नावाचा जिवाणू कच्च्या दुधात सापडतो, फ्रिजच्या थंडीत वाढतो, चव-वास बदलत नाही, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. उकळल्यावर तो मरतो. घरात दिवस गेलेली सून किंवा लेक असेल तर धारोष्ण दुधाचं कौतुक काही महिने गुंडाळून ठेवा.

प्रश्न : मी रोजची साय फ्रिजमध्ये डब्यात साठवते, आठ-दहा दिवसांनी घुसळते. हल्ली लोणी कडू निघतं, कढवताना घरभर वास सुटतो, मुलं खोलीचं दार लावून घेतात. आई हेच करायची, तिचं तूप कधी बिघडलं नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : आई हेच करत नव्हती, एवढं मी पैजेवर सांगते. तिला विचारा, डब्यात विरजण कधी घालायचीस? बहुतेक उत्तर येईल, पहिल्या दिवशी. तुम्ही घालता शेवटच्या दिवशी, घुसळायच्या आदल्या रात्री. बरोबर?

नुसती गोड साय म्हणजे थंडीतल्या जिवाणूंना मांडलेली पंगत. स्निग्धांश भरपूर, आम्ल नाही, आणि रोज डबा उघडून त्यात ओगराळं बुडवताय. उकळलेल्या दुधावरची साय जवळजवळ स्वच्छच असते. तिच्यात स्यूडोमोनास जातो तो ओल्या ओगराळ्याबरोबर, सिंकमधल्या घासणीबरोबर, बोटाबरोबर. दहा दिवसांत प्रथिनांचे तुकडे पडून कडू आणि स्निग्धांश मोडून खवट, असं दुहेरी काम होतं. कढवताना जो वास सुटतो तो मुख्यतः ब्युटिरिक आम्लाचा. लहान मुलाच्या उलटीच्या वासाशी त्याचं साम्य आहे, कारण तिथेही तेच असतं. कढवताना त्यातलं थोडं उडून जातं, बाकीचं तुपात राहतं. वरून कितीही विड्याची पानं घाला.

आता आईची रीत. पहिल्या दिवसाच्या सायीत चमचाभर ताजं दही कालवायचं आणि डबा बाहेर ठेवायचा, उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत रात्रभर, साय दह्यासारखी लागेपर्यंत. मगच फ्रिजमध्ये. पुढे रोजची साय गार झाल्यावर त्यात घालायची आणि ढवळायचं, नुसती वर पसरायची नाही, म्हणजे आम्ल सगळीकडे पोचतं. गडबड होते ती इथेच. काहीजणी विरजण घालून लगेच डबा आत सरकवतात. पाच अंशांवर दह्याचे जिवाणू हातपाय हलवत नाहीत, आम्ल तयारच होत नाही, आणि शर्यत पुन्हा स्यूडोमोनास जिंकतो. विरजणाला आधी ऊब द्यावी लागते.

विरजणाची कटकट नको असेल तर डबा फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे वाढ थांबते. आठवड्याच्या वर मात्र दोन्ही रीतींत थांबू नका. आंबट सायीवर स्यूडोमोनास येत नसला तरी बुरशीला आंबट चालतं, आणि एकदा काठाला हिरवा ठिपका दिसला की मग तूप नाही, डबा घासायचं काम उरतं. डब्याच्या झाकणात रबरी कडं असेल तर ते काढून बघा. आमच्या टाकीच्या गॅस्केटची धाकटी बहीण आहे ती.

प्रश्न : मी पुण्यात खोली घेऊन राहतो, शिकतो. फ्रिजमधलं दूध तापवताना फाटलं तर त्याचं पनीर करून खाल्लं तर चालतं का? आंबट नव्हतं. चहावर आधी दोन दिवस पांढरे कण तरंगत होते. — एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, टाकून दे.

आंबट होऊन फाटलेलं ताजं दूध आणि हे वेगळं. बाहेर राहिल्याने जरा आंबलेलं दूध तापवताना फाटलं तर घरोघरी त्याचा कलाकंद, नाहीतर पनीर होतं, त्याला माझी हरकत नाही. पण आंबट नसताना फाटलं, आणि त्याआधी चहावर कण तरंगत होते, ही बॅसिलस सेरियसची खूण. हा दुसऱ्या घराण्यातला. अडचण आली की तो बीजाणू करून बसतो, कवच घालून. पाश्चरायझेशन सोड, तुझ्या पातेल्यातली उकळीही तो बीजाणू पचवतो. नंतर जाग आली की त्याच्या काही जाती फ्रिजमध्येही, विशेषतः सात-आठ अंशांवर, हळूहळू वाढतात. तो स्निग्धांशाच्या थेंबावरचं वेष्टण फोडतो, थेंब एकमेकांना चिकटतात, तेच तुझे तरंगणारे कण. आणि केसीनच्या माळांच्या दुधात ज्या बारक्या गोळ्या झालेल्या असतात, त्यांच्यावरची लव त्याची कात्री कापते. ती लव गोळ्यांना एकमेकींपासून लांब ठेवत असते. कापली गेली की थोडी उष्णता लागताच सगळ्या एकत्र येतात. आम्ल नसताना फाटतं म्हणून इंग्रजीतही त्याला गोड फाटणं म्हणतात.

याच्या काही जाती उलट्या करवणारं विष तयार करतात आणि ते उकळल्याने जात नाही. तुझ्या दुधात ते होतं की नव्हतं, हे मला इथून कळणार नाही, तुला तिथून कळणार नाही. साठ-सत्तर रुपयांच्या पनीरसाठी परीक्षेच्या आठवड्यात पोट पणाला लावू नकोस. पातेलं घास, नुसतं विसळू नकोस. झाकणाच्या कडीची खाच बघ.

प्रश्न : फ्रिजमध्ये न ठेवता सहा महिने टिकणारं खोक्यातलं दूध आम्ही प्रवासासाठी ठेवतो. तारखेला महिना बाकी होता, खोकं फुगलं नव्हतं, तरी उघडलं तर तळाशी जेलीसारखा थर आणि चव कडवट. जंतू तर आत नसतातच, मग हे काय? — एक वाचक, नागपूर

उत्तर : जंतू आता नाहीत, कधीतरी होते. हे दूध 135 ते 140 अंशांवर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात. जिवंत काही उरत नाही, म्हणून खोकं फुगत नाही. पण ते कच्चं दूध तापवण्याआधी थंड टाकीत दोन-तीन दिवस पडून राहिलं असेल, तर स्यूडोमोनासने कात्र्या आधीच सोडलेल्या असतात. कराडच्या ताईंना सांगितलं तेच, फक्त इथे कात्रीला तीन दिवसांऐवजी पाच महिने मिळाले. त्यात नागपूरचा उन्हाळा. थंडीत ती कात्री सुस्त असते, पस्तीस-चाळीस अंशांच्या खोलीत चांगली चालते. फ्रिजबाहेर ठेवता येतं याचा अर्थ गच्चीखालच्या माळ्यावर ठेवावं असा नाही. खालच्या मजल्यावर, भिंतीतल्या कपाटात, पाण्याच्या माठाजवळ ठेवा. आणि एकदा उघडलं की त्याला साध्या पिशवीतल्या दुधाचेच नियम. मागची फळी, दोन दिवस.

जाता जाता एक, पत्रांत पुष्कळांनी विचारलंय म्हणून. गार दुधाचा वास घेऊन काही कळत नाही, नाकापर्यंत पोचतच नाही. दोन चमचे दूध वाटीत घ्या, बोटाला कोमट लागेल इतकंच गरम करा, वाटीवर तळहात ठेवा, अर्ध्या मिनिटाने तळहात बाजूला करून लगेच हुंगा. पिकून उतरलेल्या फळासारखा वास आला तर चाखायच्या भानगडीत पडू नका. वास नसेल तर जिभेच्या मागच्या बाजूला एक थेंब, आणि थोडं थांबा. कडू चव आंबट चवीसारखी लगेच बोलत नाही, चार-पाच सेकंद मागाहून येते. धक्क्यावरचा आमचा माणूस तेवढ्या वेळात पुढच्या कॅनचं झाकण काढायचा आणि मग मागे वळून मागच्या कॅनकडे बोट दाखवायचा.